नवमीला उचललेला कंट्रोलर

खंडेनवमी, बुधवार. जागा: बदनापूर, आमच्या घराची पुढची खोली. वेळ: सकाळी सव्वानऊ ते दुपारी तीन.

हजर: मी. माझी मुलगी, वय वीस, जालन्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना मी मामा म्हणते आणि ती आबा. दुपारी दोननंतर स्क्रीनवर एक परदेशी पंच. त्याचा चेहरा आम्ही शेवटपर्यंत पाहिला नाही, फक्त आवाज ऐकला.

गैरहजर: माझे यजमान. मोटर आणि ट्रॅक्टरची पूजा करायला ते पहाटेच घनसावंगीकडच्या शेतावर गेले होते.

मी एका बियाण्यांच्या कंपनीत पॅकिंग लाइनवर सुपरवायझर आहे. दिवसभर याद्यांवर खुणा करते आणि घरी आले तरी ती सवय सुटत नाही. सासूबाई गेल्यापासून नवमीच्या पूजेची यादीही माझ्याकडेच आहे. घरातली हत्यारं, अवजारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. यादी दरवर्षी तीच: विळा, दोन खुरपी, कुऱ्हाड, अडकित्ता, सुरी, कात्री, पान्ह्यांची पेटी, पाकिटांवर लॉट नंबर मारायचा माझा शिक्का, असं सगळं. चौदाव्या ओळीला ‘मुलीचं सामान’.

आदल्या संध्याकाळी मुलीनं बजावलं होतं, “मम्मी, उद्या लॅपटॉपला हात लावू नको. दोनला माझं आहे.” मी लॅपटॉपला हात लावला नाही. पण चौदावी ओळ रिकामी राहिली असती. खिडकीत तिचा गेमचा कंट्रोलर चार्जिंगला लावलेला होता. लॅपटॉप नाही तर निदान हे तरी मांडावं, असं मनात आलं. मी तो ओल्या फडक्यानं पुसला, खुरप्यांशेजारी ठेवला, चांगलं चिमूटभर हळदकुंकू वाहिलं, झेंडूनं पाणी शिंपडलं आणि यादीवर खूण केली.

सव्वानऊला ती अंघोळ करून बाहेर आली आणि पाटासमोर थांबली.

“हे कोणी मांडलं?”

“मी. चौदावं आहे.”

ती खाली बसली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. ती खेळते तो गेम खेळण्यांच्या दुकानात घडतो. चावीचा एक पत्र्याचा कोंबडा फळीवरून सुटतो आणि सात खोल्या पार करून दुकानाच्या दारापर्यंत पळतो. वाटेत ठोकळ्यांचे मनोरे, रंगीत पेन्सिलींचे पूल, फिरते भोवरे, खेळण्यातली रेल्वे. कोंबड्याची चावी सतत उतरत असते आणि थांबला की संपला. हा गेम कमीत कमी वेळात पुरा करायचा, त्याला स्पीडरन म्हणतात. जगभरातले लोक आपापले रन रेकॉर्ड करून पाठवतात आणि एका यादीत वेळेनुसार नावं लागतात. आमच्या मुलीचं नाव त्या यादीत तिसरं लागलं होतं. पाचव्या खोलीत तिनं एक युक्ती शोधली होती: गडगडत येणाऱ्या काचेच्या गोटीवर पाय टेकवून, पापणी लवायच्या आत उडीचं बटन दोनदा दाबायचं, की कोंबडा थेट वरच्या फळीवर जातो आणि अर्धी खोली वाचते. सात महिने ती हेच करत होती.

यादीवरच्या लोकांना ते खरं वाटलं नाही. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये हात दिसत नव्हते. एवढ्या जलद दोनदा बटन माणसाच्या हातानं दाबलं जात नाही, मशीननं दाबलं असणार, असं ठरवून त्यांनी तिचा रन काढून टाकला आणि नावापुढे ‘बनावट’ असा शेरा मारला. खाली पंचवीस-तीस जणांनी टोमणे लिहिले. चार दिवस ही ताटावरून मान वर करत नव्हती. तिनं भांडून भांडून एक संधी मिळवली: बुधवारी दुपारी दोन ते तीन, पंचासमोर थेट, हातांवर कॅमेरा लावून, तीच युक्ती पुऱ्या रनमध्ये करून दाखवायची. आणि कंट्रोलर तोच हवा. त्याच्या मागचा नंबर तिनं फोटो काढून आधीच कळवला होता. जमलं तर शेरा पुसला जाणार, नाही तर कायमचा राहणार.

तो कंट्रोलर आता पूजलेला होता.

मामा ओट्यावरून आत आले. “काय झालं गं, बाई?”

“आबा, मला हे आज वापरायचंय. दोन वाजता.”

“पूजलेलं हत्यार हाय ते. उद्या घे.”

“उद्या त्यांची वेळ न्हाई.”

मामा वाकून पाहू लागले. “ह्याचं करतेत काय?”

“गेम खेळतेत,” मी मध्येच सांगितलं.

“मंग ते खेळणं हाय. खेळण्याला कशाची नवमी? उचल अन् खेळ.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. मनात खूणही करून टाकली. पण तिनं हात पुढे केला नाही.

“खेळणं न्हाई ते, आबा.”

“मंग काय हाय?”

“हत्यारच हाय. मम्मीनं बराबर मांडलंय.”

“अगं, उचल म्हणतायत ना ते,” मी म्हणाले. “उचल आणि मोकळी हो.”

“तिकडंही सगळे हेच म्हणून राह्यले, मम्मी. खेळणं तर आहे, एवढं काय रडायचं. अन् वरून खोटारडी. मी खेळणं म्हणून न्हाई उचलणार.”

“मंग हत्यार म्हणून उचलता येणार न्हाई,” मामा म्हणाले आणि पेपर घेऊन बसले.

मला दोघांचाही राग आला. एकजण दार उघडून देतो आणि दुसरी त्यातून जात नाही. पण रागानं वेळ भरून निघत नाही. मी वहीत तीन ओळी लिहिल्या. एक: पंचाला मेल टाकून वेळ बदलून मागणे. उत्तर अर्ध्या तासात आलं, दोन शब्दांचं, नकाराचं. दोन: यजमानांना फोन. ते म्हणाले, “आबांचं आबांनाच विचार. मी इकडं नारळ फोडून राह्यलो.” तीन: गुरुजींना फोन. नवमीला गुरुजी कुठले फोन उचलतात. बाराच्या सुमारास तिन्ही ओळींवर काट मारून मी स्वयंपाकाला लागले. ती पाटासमोरच बसून होती. मांडीवर दोन्ही अंगठे हलवत होती, नसलेलं बटन दाबत.

साडेबाराला पानं वाढली. वरणभाताचा पहिला घास झाल्यावर मामा बोलले, माझ्याकडे बघत, पण तिच्यासाठी.

“आमच्या लहानपणी नवमीलाच आमचा एक बैल कासऱ्यात अडकला. वडीगोद्रीच्या वाटंला, लिंबाखाली. गळ्याला फास बसला. डोळे भायेर आल्ते त्याचे. घरात विळे सगळे मांडलेले. माझ्या बापानं पाटावरचा विळा उचलला अन् कासरा कापला.”

“मग चालतं की,” मी म्हणाले.

“काम अडलं तर चालतं. पण बापानं त्याचा कायदा सांगितला. एकदा उचललं की काम होईस्तोवर भुईला टेकवायचं न्हाई. टेकवलं की त्या दिवशी पुन्हा हात न्हाई.”

तिनं घास खाली ठेवला. “कबूल.”

“कबूल म्हणू नको जल्दीनं. किती वेळ लागंल?”

“एक तास.”

“तासभर हातातून सोडायचं न्हाई. तहान लागली तरी.”

“कबूल, आबा.”

“बैलाचा जीव जाऊन राह्यल्ता,” मामा म्हणाले. “तुझं काय जाऊन राह्यलंय?”

तिनं अंगठ्यानं ताटाची कड पुसली. मग म्हणाली, “नाव.”

मामांनी भाकरी मोडली.

पावणेदोनला त्यांनी स्वतः चार अक्षता टाकल्या, कंट्रोलर पाटावरून उचलला आणि तिच्या ओंजळीत दिला. मी वहीत वेळ लिहिली. तिनं उडीचं बटन एकदा दाबलं, पुन्हा दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मम्मी, बटन बसून राह्यलंय.”

दाबलेलं बटन वर यायला एक क्षण घेत होतं. कडेनं लाल रेघ दिसत होती. मी वाहिलेलं कुंकू, मी शिंपडलेलं पाणी. दोन्ही मिळून आत लगदा झाला होता. उघडून साफ करायचं तर स्क्रू काढायचे आणि त्यासाठी तो कुठेतरी ठेवायला हवा. तो ठेवायचा नव्हता. मी कपाटातून स्पिरिट आणि कान साफ करायच्या काड्या आणल्या. ती दोन्ही हातांत धरून बसली आणि मी बटनाच्या कडेनं काडी फिरवत राहिले. चार काड्या लाल झाल्या. बटन थोडं सुटलं.

“किती सुटलं?”

“बारा आणे,” ती म्हणाली.

दोनला आवाज आला. इंग्रजी, शांत, कुठल्या देशाचा ते कळलं नाही. त्यानं नियम सांगितले. हात पूर्ण वेळ कॅमेऱ्यात हवेत. खोलीत कोण आहे ते सांगायचं; तिनं आई आणि आजोबा असं सांगितलं. दुसऱ्या कुणी उपकरणाला स्पर्श करायचा नाही. तीनला वेळ संपेल. हे सगळं मी ऐकलं होतं, समजलंही होतं. म्हणून पुढे जे झालं त्याला मला सबब नाही.

पहिला रन सुरू झाला. कोंबडा फळीवरून उडाला, पेन्सिलींच्या पुलावरून गेला, रेल्वेच्या डब्यांवरून टपटप. मी तिच्या मागे वही घेऊन उभी होते आणि प्रत्येक खोलीची वेळ टिपत होते. मामा बाजूच्या खुर्चीवर होते, नजर स्क्रीनवर नाही, तिच्या हातांवर. चार खोल्या वेळेत झाल्या. पाचवीत गोटी गडगडत आली, कोंबडा तिच्यावर टेकला, तिचा अंगठा दोनदा हलला. बटन एकदाच वर आलं. कोंबडा गोटीवरून घसरून ठोकळ्यांत पडला, चावी उतरत गेली आणि तो मान खाली घालून थांबला.

“पडला का कोंबडा?” मामांनी विचारलं.

मी वहीत लिहिलं: दोन वाजून सोळा मिनिटं. आवाज म्हणाला, पुन्हा सुरू करू शकता.

तिनं बटन दाबून पाहिलं. ते खालीच राहिलं. माझ्या कानामागे अजून एक कोरी काडी होती. मी वही ठेवली, पुढे वाकले आणि काडी बटनाच्या फटीत घातली. लाइनवर पाकिटाची पट्टी अडकली की मी ऑपरेटरच्या खांद्यावरून हात घालून काढते, अगदी तसंच. विचार असा केलाच नाही.

“थांबा,” आवाज म्हणाला. “हा हात कुणाचा?”

मी हात मागे घेतला.

“माझ्या आईचा,” ती म्हणाली.

“तिनं उपकरणात काय घातलं?”

“कापूस. बटन चिकटत होतं.”

तिकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला की एवढ्यावरून तो सत्र बंद करू शकतो. मग म्हणाला की आधी तो एक तपासणी करेल. उपकरण टेबलावर ठेवा. दोन्ही हात वर, दूर. एक मिनिट. कोंबडा आपोआप हलतो का ते त्याला बघायचं होतं.

तिनं कंट्रोलर घट्ट धरला आणि आबांकडे पाहिलं.

“काय म्हणून राह्यलाय त्यो?” मामांनी विचारलं.

“टेबलावर ठेव म्हणतोय,” मी सांगितलं. “हात काढून.”

“अन् न्हाई ठेवलं तर?”

“तर मशीन लपवलंय असं समजेल. संपलं.”

मामांनी पाटाकडे पाहिलं. घड्याळात दोन वीस झाले होते. एका रनला एकोणीस-वीस मिनिटं लागतात, म्हणजे दोन चाळीसच्या आत सुरू व्हायलाच हवं होतं. “मामा,” मी म्हणाले, “टेबल म्हणजे काही भुई नाही.”

“टेबल भुईवरच हाय की.”

“आबा, मी ठेवून राह्यले,” ती म्हणाली. “ठेवलं की मंग पुन्हा उचलत न्हाई. पण मशीन न्हाई एवढं तरी दिसंल त्यांना.”

“थांब.”

मामांनी खुर्ची पुढे ओढली. धोतराला दोन्ही तळवे पुसले आणि उताणे करून कॅमेऱ्याखाली धरले. “ह्याच्यावर दे.”

“आता हे हात कुणाचे?” आवाजानं विचारलं.

“माझ्या आजोबांचे,” ती इंग्रजीत म्हणाली. “आज हे खाली ठेवता येत नाही. त्यांचे हात हेच टेबल.”

बराच वेळ तिकडून काहीच आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मग तो म्हणाला, “बोटं सरळ. बटनांजवळ एकही बोट नको.”

“मामा, बोटं सरळ ठेवा म्हणतोय.”

“जेवढी होतेत तेवढी केली. त्याला म्हणावं, ह्याच्या म्होरं हातोडी घेऊन ये सरळ करायला.”

तिनं कंट्रोलर त्यांच्या तळव्यांवर ठेवला आणि आपले हात डोक्याच्या वर नेले. मी घड्याळाचा काटा बघत होते. स्क्रीनवर कोंबडा फळीच्या कडेवर उभा होता. मामांचे हात गेल्या वर्षापासून थरथरतात. चहाचा कप मी अर्धाच भरते. दहा सेकंद, वीस सेकंद. पस्तिसाव्या सेकंदाला डाव्या हाताचा अंगठा उडू लागला. कंट्रोलर कलला. मामांनी दात आवळले, कोपरं पोटाशी घट्ट घेतली. तिनं डोळे मिटले होते. कोंबडा हलला नाही.

“ठीक,” आवाज म्हणाला. “तुमच्याकडे एक रन आहे.”

दोन चोवीस. तिनं कंट्रोलर उचलून घेतला आणि उडीच्या बटनावर अंगठा ठेवून दोन-तीनदा चाचपलं. “पुरं दाबायचंच न्हाई,” ती स्वतःशी म्हणाली. “पुरं दाबलं की बसतंय. अर्धंच.” सात महिने एका पद्धतीनं वळण लागलेला अंगठा ती दोन मिनिटांत दुसऱ्या पद्धतीनं चालवणार होती. मी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिले.

ह्या रनच्या वेळा माझ्या वहीत नाहीत. पहिल्या खोलीत ती दोनदा अडखळली, कारण अर्धं दाबल्यानं उड्या छोट्या पडत होत्या. दुसरीत सावरली. तिसरीत रेल्वेच्या शेवटच्या डब्यावरून कोंबडा जवळजवळ गेलाच होता. मामा आता स्क्रीनकडे पाहत होते आणि प्रत्येक उडीला त्यांची हनुवटी वर जात होती. पाचवी खोली आली. गोटी दिसली, लहान, मग मोठी. कोंबड्याचे पाय टेकले. तिचा अंगठा मला हललेला दिसलाच नाही, एवढं मी खात्रीनं सांगते. कोंबडा वरच्या फळीवर होता.

“हाय,” मामा म्हणाले, अगदी हळू.

सहावी, सातवी, दुकानाचं दार. काढून टाकलेल्या रनपेक्षा अकरा सेकंद उशिरा. घड्याळात दोन सत्तेचाळीस. तिनं कंट्रोलर तसाच छातीशी धरला आणि वाट बघत बसली.

आवाज म्हणाला, “मी पाहिलं. ते तुमचंच बोट होतं.” आणि मग म्हणाला, “पण मी एकटा शेरा काढू शकत नाही. सत्रात दुसरा हात आला. दोन लेखी निवेदनं लागतील. एक तुमचं. एक त्या हाताच्या माणसाचं: काय केलं, का केलं, उपकरण खाली का ठेवलं नाही. सोमवार सकाळपर्यंत. बाकीचे पंच ते वाचून ठरवतील.”

स्क्रीन बंद झाली.

“झालं का काम?” मामांनी विचारलं.

“माझं झालं, आबा. मम्मीचं राह्यलं.”

“तुझं झालं म्हंजी हत्याराचं झालं.” त्यांनी तिच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि पाटावर खुरप्यांशेजारी ठेवला. तिची बोटं आखडली होती. मी कोमट पाणी आणून दिलं.

आज शनिवार. तिचं निवेदन गुरुवारीच गेलं. माझं मी मराठीत लिहायचं आणि तिनं इंग्रजीत करायचं असं ठरलं आहे. लाइनवर बिघाड झाला की पंधरा मिनिटांत अहवाल देणारी बाई मी. पहिल्या मसुद्यात मी सण, पूजा, बैल, सगळं क्रमानं मांडलं. ती वाचून म्हणाली, “मम्मी, हे बहाण्यासारखं वाटून राह्यलंय. सण होता म्हणून, बैल होता म्हणून. त्यांना बैल कशाला?” दुसऱ्यात सगळं काढलं आणि फक्त चूक झाली असं लिहिलं. ती म्हणाली, “हा तर कबुलीजबाब झाला. चुकीनं काय घातलं आत, असं विचारतील.” तिसरा मामांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “बराबर हाय. पण हात का थांबला न्हाई, ते कुठंय ह्यात?”

ते कुठेच नव्हतं.

आज दुपारपासून चौथा कागद समोर आहे. आतल्या खोलीतून तिनं दोनदा विचारलं, “झालं का?” आणि दोन्ही वेळा मी “लिहून राह्यले” म्हणाले. कागदावर एकच ओळ आहे: तो हात माझा होता. पुढचं अजून लिहायचं आहे.